बो थ्रस्टर नसेल तरी बोट आडवी सरकते

बो थ्रस्टर म्हणजे बोटीचं पुढचं टोक आडवं ढकलणारा छोटा पंखा. त्याच्याशिवाय दोन पंख्यांची, म्हणजे दोन इंजिनांची बोट आडवी सरकत नाही, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. सरकते, पण हात बसायला हवा.

समजा धक्का उजवीकडे आहे. सुकाणू पूर्ण डावीकडे, डावं इंजिन पुढे, उजवं मागे. इंजिनांची ही ओढाताण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळवू पाहते. डाव्या पंख्याचं पाणी मात्र सुकाणूवर आपटून पिछाडी उजवीकडे ढकलतं. दोन्ही वळणं एकमेकांना मारतात, उरतो तो आडवा रेटा.

खरी गोम तोल राखण्यात. उलटा फिरणारा पंखा कमी जोर देतो, म्हणून मागे चालणाऱ्या इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) चढे ठेवायचे. नाळच आधी धक्क्याकडे निघाली तर तेच इंजिन क्षणभर उतरवायचं. एका वेळी एकाच इंजिनाचा लिव्हर हलवा, मग बोट काय म्हणते ते पाहा. दोन्ही एकदम हलवले की घोळ झालाच!

पंखे फार जवळजवळ असतील किंवा वेगवान बोटींसारखं सुकाणू इवलंसं असेल, तर मात्र ही युक्ती जेमतेमच चालते. आणि वारा धक्क्याकडून येत असेल तर हट्ट सोडा, दोर टाका.