आयरिश खेड्यातल्या परीकथा: ठेवा की गरिबीवरचं पांघरूण?

भटकी_पाल: १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने शाळकरी पोरांना कामाला लावलं: घरी जा, आजीआजोबांना विचारा, वहीत उतरवून आणा. पोरं सुमारे ५० हजार, शाळा ५ हजारांच्या आसपास. त्या वह्या आता ‘दूखस’ या संकेतस्थळावर आहेत, महिनाभर वाचतेय. रात्री दारातून पाणी फेकण्याआधी हाक द्यायची, वाटेत ‘चांगली माणसं’ असतील म्हणून. परी हा शब्द उच्चारायचा नाही. आपण रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतो, तसंच. गोड आहे सगळं. पण १८४१च्या जनगणनेत जवळजवळ ४० टक्के घरं म्हणजे एका खोलीची मातीची खोपटी होती. चार वर्षांनी बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली. अशा घरातल्या गोष्टी ‘किती छान’ म्हणत मिटक्या मारत वाचणं मला जमत नाही.

ताकपीठ: अगं, त्याच वह्यांत दुष्काळ आहे, जुनी घरं आहेत, अनवाणी चालणं आहे. विषयच तसे नेमून दिले होते. तू पऱ्याच तेवढ्या वेचल्यास! लोण्याचं बघ. घरात लोणी काढणं चालू असताना कुणी आलं, तर त्यानेही दांड्याला हात लावायचा, नाहीतर लोणी ‘जातं’. अंधश्रद्धा म्हण हवं तर. घामाघूम बाईच्या दंडाला तेवढाच विसावा मिळायचा की नाही?

खडीसाखर: हो, आणि ब्रिजेट क्लिअरीला काय मिळालं? १८९५, टिपेररी. बाई आजारी होती. ही आपली बायको नाहीच, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे, असं म्हणत नवऱ्याने जाळलं तिला. तिचा बाप आणि आतेभाऊ घरातच होते. नवऱ्याला मनुष्यवधाची शिक्षा झाली. ताकपीठ, हा विसावाही मोजा.

क्लेअरकर: मी आयर्लंडमध्येच, क्लेअर परगण्यातल्या एनिस गावाजवळ राहतो. १९९९ मध्ये इथे लटूनला परीचं झुडूप वाचावं म्हणून एका कथेकऱ्याने रान उठवलं आणि रस्त्याची आखणी बदलली. झुडूप म्हणजे काय, तर एक खुरटं काटेरी हॉथॉर्न! गोल मातीच्या बांधांचे जुने वाडे इथले लोक पऱ्यांचे किल्ले मानतात. त्या भीतीने नांगर लागला नाही, म्हणून असे हजारो अजून उभे आहेत. पुरातत्त्व खात्याला जमलं नसतं ते मुंज्याच्या या आयरिश भावंडांनी केलं. शेजारचे आजोबा, पक्के नास्तिक, गवत कापायचं यंत्र बांधाला वळसा घालूनच नेतात. कारण विचारलं की हवापाण्यावर बोलायला लागतात.

भटकी_पाल: लोण्याचा मुद्दा मान्य, ताकपीठ. झुडपाचा अर्धाच मान्य: रस्ता वळवायला माणसं जमली, ब्रिजेटला मात्र घरात होती त्या माणसांनीही वाचवलं नाही. उद्या ‘बटाट्याचं पीक’ या विषयाच्या वह्या उघडते. तिथेही पऱ्या निघाल्या तर कळवते.