श्रीवर्धनच्या घराला डेकवर स्टील केबलचं रेलिंग : ३०४ की ३१६?

वाडीवाला_पुणेकर
नमस्कार मंडळी. श्रीवर्धनला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर समुद्राच्या बाजूला डेक काढलाय, समोर साधारण २४ फूट आणि दोन्ही बाजूंना १०-१० फूट, खाली आरसीसी स्लॅब आणि वर लाकडी फळ्या. समुद्र तीनशे मीटरवर असेल, मधे फक्त माड-पोफळी. आता रेलिंग तेवढं राहिलंय. काच नको, खाऱ्या वाऱ्याने रोज पुसत बसावं लागेल, आणि जाड पाइप टाकले तर खुर्चीत बसल्यावर समुद्राच्या जागी पाइपच दिसणार, म्हणून बारीक आडव्या केबलचं डोक्यात आहे. एका फॅब्रिकेटरने ३०४ चं कोटेशन दिलंय (३०४, ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे ग्रेड), म्हणतो साहेब ३०४ ला गंज लागतच नाही, पाहिजे तर चुंबक लावून बघा. दुसरा म्हणतो ३१६ शिवाय हात लावू नका, पण त्याचा आकडा बघून बायको म्हणाली की त्यापेक्षा काथ्या बांधू. घरात चार वर्षांचा मुलगा आहे हेही लक्षात घ्या. कोणी प्रत्यक्ष लावलंय का?

ग्राइंडर_चालू_आहे
फॅब्रिकेशनमधेच आहे, रत्नागिरी साइडला. चुंबकाचं आधी डोक्यातून काढा. ३०४ असो, ३१६ असो की स्वस्तातलं २०२, पाइप चुंबकाला धरत नाही, म्हणजे त्यावरून काहीच कळत नाही. उलट अस्सल ३०४ ची केबल थोडीशी धरते कारण तार थंड खेचून बारीक करताना तिच्यात तो गुण येतो, मग गिऱ्हाईक भांडायला येतं की आम्हाला फसवलं. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टील ज्या घाणीत वितळवलं तिचा नंबर, पाइपवरच्या नंबरशी जुळवा. मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं किट पण मिळतं, ३१६ मधे ते दोन-तीन टक्के असतं, ३०४ मधे नसतं. मिठातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात ते यानेच कमी होतं. तीनशे मीटरवर मी तरी ३१६ च सांगीन.

आता पैशाचं. तुमची लांबी ४४ फूट, साडेतीन फूट उंचीत तीन-तीन इंचावर धरल्या तर १३ केबल, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आसपास. ४ मिमी केबलचं एवढ्या लांबीचं वजन भरतं तेरा-चौदा किलो. एवढ्याशा मालात ३०४ घेऊन वाचणार किती? खरं वजन खांब आणि वरच्या रेलमधे जातं, तेव्हा दोन्ही कोटेशनमधे खांबांची जाडी किती धरलीय ते बघा, मला वाटतं आकड्यातला फरक तिथेच निघेल.

जर्सीचा_जावई
वरच्या भाऊंचं शंभर टक्के बरोबर. मी न्यू जर्सीत आमच्या लाकडी डेकला हेच स्वतः लावलंय. इथे घराच्या डेकला कठडा निदान ३६ इंच लागतो आणि ४ इंचाचा गोळा कुठूनही आरपार जाता कामा नये. केबल दाबली की वाकते, त्यामुळे ४ इंचाचा नियम पाळायचा तर प्रत्यक्षात ३ इंचावरच लावाव्या लागतात, आणि दोन आधारांमधलं अंतर पण तीन-चार फुटांच्या वर न्यायचं नाही, मधे सगळीकडे जाड खांब नको असेल तर बारीक चपटी पट्टी भोकं पाडून उभी करा, तिला ताण घ्यायचा नसतो, फक्त अंतर राखायचं असतं.

लोक फसतात ते शेवटच्या खांबात. एका केबलला साधारण शंभर किलोचा ताण द्यावा लागतो, तुमच्या १३ म्हणजे कोपऱ्यातला खांब सव्वा-दीड टनाने आत ओढला जाणार, चोवीस तास, बारा महिने. तो केसभर जरी झुकला तरी आधी ताणलेल्या केबल सैल पडतात, मग त्या ताणायच्या, की दुसऱ्या सैल, हे संपतच नाही. म्हणून कोपऱ्यातले खांब दणकट आणि वरची रेल सलग, दोन खांबांमधे घट्ट बसवलेली, कारण खांबांना आत येऊ न देण्याचं निम्मं काम तीच करते. ताणायला मधल्या केबलपासून सुरुवात करा आणि एकदा वर एकदा खाली असं जात बाहेर या. काही आठवड्यांनी परत एकदा फिरवायला लागतंच.

केबल घेताना १×१९ विणीची मागा, म्हणजे १९ तारांचा एकच पीळ. ७×१९ म्हणजे १९-१९ तारांचे सात पीळ, ती मऊ असते, कप्पीवरून फिरवायला, रेलिंगला लावली तर ताण खात राहते. आणि टर्नबकलच्या, म्हणजे केबल ताणायच्या स्क्रूच्या, आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा, हाताने सावकाश फिरवा, ड्रिल मशीनने अजिबात नाही, स्टीलवर स्टीलच्या आट्या गरम झाल्या की एकमेकींना अशा धरतात की नंतर कापूनच काढायच्या.

दिवेआगरची_मावशी
आमचं होमस्टे आहे, ३१६ चंच रेलिंग आहे, तरी सांगते, देखभाल नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतातच. गंमत म्हणजे पावसाळ्यात येत नाहीत, पाऊस मीठ धुऊन नेतो. डाग येतात दिवाळीनंतर ते मे पर्यंत, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर पागोळीच्या आत, छपराखाली, जिथे पावसाचं पाणी कधी पोचतच नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायचा आणि महिन्याने साबण लावून मऊ फडक्याने पुसायचं, बस. तारेची घासणी लावायची नाही, कामवाल्या बाईंना हे लिहून द्या. मॅट फिनिशपेक्षा चकचकीत बफिंग केलेलं बरं टिकतं, खरखरीत पृष्ठभागावर मीठ बसून राहतं.

दुसरं, टाइल्सचं काम राहिलंय का? फरशीवाले शेवटी अॅसिड मारतात, त्याच्या वाफेनेसुद्धा स्टील काळं पडतं. ते सगळं उरकलं की मगच रेलिंग.

मुलाचं म्हणाल तर चार वर्षांचं पोर आडव्या केबलवर पाय देऊन चढणारच. आमच्याकडे पाहुण्यांची मुलं चढतात, मी ओरडते, आईबाप फोटो काढतात. केबल उभ्या लावता येतात, खाली-वर रेल मजबूत लागते आणि फिटिंग्ज बऱ्याच जास्त लागतात, म्हणजे खर्च वाढतो. मी तुमच्या जागी असते तर उभ्याच लावल्या असत्या, समुद्र दोन्हीतून सारखाच दिसतो.

वाडीवाला_पुणेकर
बाप रे, कोटेशन उघडून बघितलं, ३०४ वाल्याने खांबाची जाडी लिहिलेलीच नाहीये. उभ्या केबलचं डोक्यात आलंच नव्हतं, घरी विचारतो. अजून एक, समोर स्लॅब आहे पण दोन्ही बाजूंना जुना चिऱ्याचा अर्धा कठडा आहे, त्यावर बेसप्लेट ठेवून खांब उभे केले तर चालेल ना?

ग्राइंडर_चालू_आहे
नाही चालणार. चिऱ्यात अँकर बोल्ट धरत नाही, आवळताना धरल्यासारखा वाटतो आणि ताण दिला की भोक मोठं होऊन सगळं हातात येतं. दोन मार्ग आहेत, एकतर कठड्यावर सळया टाकून काँक्रीटचा पट्टा ओता आणि त्यात खांब धरा, तो पट्टा पण खाली स्लॅबला सळईने बांधलेला हवा, नुसता चिऱ्यावर ठेवलेला नको. नाहीतर कठड्याच्या आतल्या बाजूने थेट स्लॅबमधे केमिकल अँकर करून, म्हणजे भोकात रसायन भरून बोल्ट चिकटवून, खांब वर आणा, मी दुसरंच करीन, जुन्या चिऱ्याला धक्का नको.

वेल्डिंग आर्गॉनचं करून घ्या आणि जोडावरचा निळा-काळा डाग पिकलिंग पेस्टने साफ करून घ्या, ती पेस्ट जहाल असते, हातमोजे घालून आणि नंतर भरपूर पाणी, नाहीतर पहिला गंज तिथेच येणार. साइटवर कोणी शेजारी साधं लोखंड कापत असेल तर त्याला लांब बसवा, त्या ठिणग्यांचे कण स्टीलवर चिकटतात, गंजतात आणि मग नाव ३१६ चं खराब. फळ्यांना स्क्रू कोणते मारलेत?

वाडीवाला_पुणेकर
आत्ता खाली वाकून बघितलं, पिवळे झिंकवाले आहेत, म्हणजे वरून जस्ताचा मुलामा, आत साधं लोखंडच. काहींच्या डोक्याला लाली आलीय. सुताराला फोन लावतो.