‘जुनून’मध्ये जॉनी ग्रीनवुड मागे बसला, ते बरं झालं का?

षड्जपंचम
रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड म्हटलं की बोलणं एकतर रेडिओहेडवर जातं, नाहीतर अमेरिकन दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनच्या चित्रपटांना दिलेल्या पार्श्वसंगीतावर. ‘जुनून’ हा अल्बम राहूनच जातो. 2015 च्या सुरुवातीला जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात साधारण तीन आठवडे मुक्काम ठोकून हे काम झालं. रचना इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूरच्या, शब्द उर्दू, हिंदी आणि हिब्रू. सोबत कव्वाल, मांगणियार आणि लंगा या राजस्थानातल्या पिढीजात वादक-गायक जमातींतले कलाकार आणि ब्रास बँडवाले, सगळे मिळून ‘द राजस्थान एक्स्प्रेस’. ध्वनिमुद्रणाची बाजू रेडिओहेडचाच निर्माता नायजेल गॉडरिचने सांभाळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन तबकड्या आणि तेरा तुकडे बाहेर आले.

माझं म्हणणं असं की ग्रीनवुडचं दुसऱ्यांसोबतचं सर्वांत समंजस काम हेच. कारण त्याने कॉर्ड जवळपास वाजवलेच नाहीत. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, अख्खं सप्तक 1200 सेंटचं. तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार ‘सा’पासून 386 सेंटवर बसतो, गिटारच्या पडद्यावरचा 400 वर. म्हणजे 14 सेंट चढा. धैवतात फरक 16 सेंटचा. गाणारी गंधारावर ठहराव घेत असताना गिटारने पूर्ण मेजर कॉर्ड धरला की तो गंधार लगेच कडू होतो. पंचमात मात्र फरक जेमतेम 2 सेंट, कानाला कळतही नाही. म्हणून बास सा-पा धरून राहिला तर गाण्याला धक्का लागत नाही. फ्यूजनच्या नावाखाली निघालेली निम्मी गाणी नेमकी इथे फसतात.

लयवेडा
सुराबद्दल मान्य. पण लयीचं काय? ज्या तुकड्यांत ड्रम मशीन आहे तिथे मात्रा आधीच आखून ठेवलेली असते. कव्वाली अशी चालत नाही. ओळ पाच-सात वेळा घोळवली की टाळी देणारे आधी किंचित पुढे सरकतात, ढोलक त्यांच्यामागे जाते, आणि दहा मिनिटांत लय कुठच्या कुठे पोचते. मशीनचा लूप खाली चालू असला की ढोलकवाल्याला दर समेला मागे खेचून घ्यावं लागतं. ते खेचणं ऐकू येतं. गिटारवाला मागे बसला म्हणता, पण लगाम त्याच्याच हातात राहिला.

आणि सुराचं एवढं मनावर घेता, तर ग्रीनवुड वाजवतो ती ओंद मार्तेनो, ते जुनं इलेक्ट्रॉनिक वाद्य, का चालते? तीही पाश्चात्त्य कीबोर्डच.

षड्जपंचम
ओंद मार्तेनोला नुसता कीबोर्ड म्हणणं चुकीचं आहे. 1928 मध्ये मॉरिस मार्तेनोने ती लोकांसमोर आणली. पट्ट्यांच्या पुढे एक तार ताणलेली असते, तिच्यावरची अंगठी तर्जनीत अडकवून बोट सरकवलं की सूर अखंड घसरतो. मींड काढता येते. आवाज कमी-जास्त होतो तो डाव्या हाताखालच्या कळीच्या दाबाने, जवळपास गजासारखा. सारंगीशेजारी बसवायला पाश्चात्त्यांकडे याहून योग्य वाद्य क्वचितच असेल.

समान सप्तकाचा, म्हणजे बारा सूर सारख्या अंतरावर बसवण्याचा, दोष द्यायचाच तर पेटीला द्या. कव्वालीत ती कधीचीच रुळली आहे, आणि आकाशवाणीने याच कारणाने 1940 ते 1971 तिला बाहेर ठेवलं होतं. या ध्वनिमुद्रणावरच्या अँडरसनच्या 54 मिनिटांच्या ‘जुनून’ याच नावाच्या चित्रपटात पेटी सुरात लावून घ्यायला शहरात जातात, तो प्रसंग नीट पाहा. पितळी पातीचं टोक खरवडलं की वजन घटून सूर चढतो, बुडाशी खरवडलं की पाती लवचीक होऊन उतरतो. एक हात जास्त पडला की उलट बाजूने पुन्हा खरवडा, आणि पाती पातळ होत जाते. किल्ल्यात एवढा सरंजाम असताना त्या एका वाद्यासाठी ही यातायात केली, कारण बाकीचे सगळे तिच्याशीच जुळणार होते.

लयीचा मुद्दा मात्र मी खोडू शकत नाही.

नळीतला_वारा
दोघंही ब्रासला विसरलात. तिथेच खरी कसरत आहे. ट्रंपेटवर पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबली की नळीची लांबी हिशोबापेक्षा कमी पडते आणि सूर सुमारे 30 सेंट चढतो. तिसऱ्या कळीची सरकनळी बाहेर काढायची किंवा ओठ सैल सोडायचे, हेच नेहमीचे उपाय. भर म्हणजे हवा दर अंशाला सूर अंदाजे 3 सेंट चढवते. पहाटे जुळवलेला बँड दहा अंश तापलेल्या दुपारी 30 सेंट वर असतो, आणि कमायचाच्या, म्हणजे गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या, आतड्याच्या तारांचं आपलं वेगळंच चाललेलं असतं.

यातून आमीर भियानीचा ट्रंपेट जे काढतो ते ग्रीनवुडच्या संयमाहून मोठं आहे. शिवाय सगळे एकाच दालनात गोल बसून वाजवतात. दोन माइकमधलं अंतर वाद्य-माइक अंतराच्या किमान तिप्पट हवं, हा नेहमीचा नियम. दगडी भिंतींत नथूलाल सोलंकींचा नगारा सुरू झाल्यावर तो नियम काय टिकणार! नगारा प्रत्येक माइकमध्ये शिरतो. म्हणजे एकाचा चुकलेला सूर नंतर वेगळा काढून दुरुस्त होत नाही, सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. एका तुकड्याचं नावच प्रतिध्वनीच्या खोलीतल्या पक्ष्यांवरून ठेवलंय, ते उगाच नाही.

लयवेडा
मग माझी दुसरी तक्रार आणखी पक्की होते. एवढी कामगिरी ज्यांची, ते एकोणीसच्या आसपास वादक मुखपृष्ठावर एका सामायिक नावात मावतात, आणि बेन त्झूर व ग्रीनवुड हे दोघे स्वतंत्र नावाने येतात. कमायचा मांगणियारांचा, सिंधी सारंगी लंगांची. या दोन वेगळ्या परंपरा आहेत, यजमानही वेगळे. ‘राजस्थान एक्स्प्रेस’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. 2018 मध्ये रेडिओहेडच्या अमेरिकेतल्या कार्यक्रमांआधी हीच मंडळी वाजवत होती. तिथल्या किती जणांना नगाऱ्यावर कोण आहे हे ठाऊक झालं असेल?

षड्जपंचम
नावांबद्दल तुमचं पटतं. मुखपृष्ठावर निदान भियानी आणि सोलंकी हवेच होते. पण लगाम कोणाच्या हातात, याचा निकाल अल्बममधले ‘जुनून’ आणि ‘जुनून ब्रास’ हे दोन तुकडे एकामागून एक ऐकून लावा. चाल तीच, दुसऱ्यात ती बँडवाल्यांच्या हाती आहे. तिथे सम कोण गाठतंय ते ऐका आणि मग पहिल्याकडे परत या.

नळीतला_वारा
हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून ट्यूबा जवळपास गायब होतो, आणि ‘जुनून ब्रास’ची चाल त्याच्यावरच उभी आहे.