नववीतल्या मुलीसाठी उन्हाळी विज्ञान संशोधन: बेळगावात राहून काय जमेल?

टिळकवाडी_पालक:
मुलगी नववीत, शाळा शहरातली. सुट्टीत शिबिरातले ठरीव प्रयोग नकोत, खरं संशोधन हवं म्हणते. इस्रोच्या 'युविका'ला (शाळकरी मुलांचं विज्ञान शिबिर) अर्ज करावा का? नंबर नाही लागला तर? पैसे घेऊन ऑनलाइन 'रिसर्च इंटर्नशिप' देतात त्या कशा?

जुना_सायन्सवाला:
युविका नववीतच, दहावीत गेल्यावर चालत नाही. नोंदणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, शिबिर मे महिन्यात दोन आठवडे, खर्च इस्रोचा. निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के, ऑनलाइन क्विझला १०, बाकी विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी. पंचायत हद्दीतल्या शाळांना १५ टक्के असतात, ते तुम्हाला नाहीत. म्हणून प्रमाणपत्रं मुख्याध्यापकांकडून साक्षांकित करून आत्ताच ठेवा. त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट वाचा.

विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप कॉलेजच्या मुलांसाठी. 'केव्हीपीवाय' (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) ही शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. इंटर्नशिपवाल्यांना एकच विचारा: मोजमाप कोण घेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तो फक्त कागद.

वळीव:
घरून करायचं तर शहरातल्या उष्णतेचं मोजमाप घ्या. कॅम्पातली झाडं आणि खडेबाजारातलं सिमेंट, रात्री किती अंशांचा फरक?

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर (डीएचटी११ नको, त्यात २ अंशांची चूक असते आणि शोधायचा फरकच तेवढा असू शकतो), नोंदी घ्यायला ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणकच), डेटा आणि ३.३ व्होल्टच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. तो विसरला की सेन्सर सापडतच नाही, नाहीतर उणे १२७ दाखवतो. सेन्सर जमिनीपासून दीड मीटरवर. पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा, मध्ये दोन सेंटिमीटर फट ठेवून एकावर एक, आत सेन्सर. उघड्यावर ठेवला तर हवेचं नाही, उन्हाचं तापमान मोजाल. भिंतीला चिकटवू नका; दिवसभर तापलेली भिंत रात्रीही उष्णता सोडते.

दर १० मिनिटांनी नोंद. दुपारच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका, फरक खरा दिसतो तो सूर्यास्तानंतर, वारा पडल्यावर. वळवाचा पाऊस झाला की तापमान एकदम कोसळतं. त्या नोंदी खोडायच्या नाहीत, खूण करून वेगळ्या ठेवायच्या.

टिळकवाडी_पालक:
सेन्सर बरोबर आहेत हे कसं तपासायचं? बर्फात ० आणि उकळत्या पाण्यात १००?

जुना_सायन्सवाला:
बर्फाचं होय की. ठेचलेला बर्फ, फटी भरतील इतकंच पाणी, सगळे सेन्सर एकदम आणि ढवळत २० मिनिटं. प्रत्येकाचा फरक लिहून नंतर वजा करायचा. उकळत्या पाण्याचं नको. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९७.५ अंशांच्या आसपास उकळतं. १०० धरलंत तर चांगला सेन्सर चुकीचा ठराल. दुसरी तपासणी म्हणून सगळे सेन्सर रात्रभर एकाच बशीत ठेवा.

वळीव:
बरोबर. आणखी एक: पॉवर बँक लावणार असाल तर बोर्डला 'डीप स्लीप'मध्ये (दोन नोंदींच्या मध्ये वीज वाचवायला झोपवणं) घालू नका. वीज फारच कमी ओढली की बरेचसे पॉवर बँक आपोआप बंद पडतात आणि सकाळी फाईल रिकामी. शक्यतो गॅलरीतल्या प्लगवर मोबाईलचा चार्जर लावा.