ब्राकच्या पक्ष्याचं प्रिंट: अस्सल लिथो की छापील प्रत? आणि फ्रेम कशी करू?

सिद्धेश्वरपेठ_४१३
फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकचा काळा पक्षी, मागे निळा रंग. कागद साधारण ५६ × ३८ सें.मी., मधोमध उभी घडी. सही नाही, नंबर नाही, मागच्या बाजूला फ्रेंच मजकूर. हे लिथोग्राफ (दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेलं अस्सल चित्र) आहे की पोस्टर? इथला फ्रेमवाला म्हणतो, हार्डबोर्डवर चिकटवून लॅमिनेट करू, घडी जाईल. करू का?

कागदवेडा
चिकटवू नका! आधी ओळख पटवू.

मापावरून आणि घडीवरून हे ‘दॅरियेर ल मिरवार’ या कलाविषयक अंकाचं जोडपान वाटतं. पॅरिसच्या मॅग गॅलरीचं हे प्रकाशन १९४६ ते १९८२ चाललं. पानं न शिवता, नुसती दुमडून वेष्टनात ठेवलेली असत. त्यामुळे घडी म्हणजे खराबी नव्हे, ती मूळचीच. मागचा मजकूरही त्यामुळेच. सही-नंबर नसणं इथे साहजिक आहे. उलट अशा पानावर पेन्सिलची सही दिसली, तर ती मागाहून कुणी ठोकलेली असण्याचा संशय घ्यावा.

पण त्याच अंकांत लिथोबरोबर यंत्रछपाईची चित्रंही असत, म्हणून १० पट भिंग लावाच. निळ्या भागात ठिपक्यांची एकसारखी जाळी किंवा फुलासारखी नक्षी दिसली तर ऑफसेट, म्हणजे यंत्रछपाई. लिथोत प्रत्येक रंगाचा वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा असतो. त्यामुळे निळा सलग किंवा खडबडीत, वेड्यावाकड्या कणांचा दिसतो, आणि काळा त्यावर चढतो तिथे कडेला थोडी सरमिसळ दिसते. काळा रंग चार रंगांच्या ठिपक्यांतून झालेला असेल तर विषय संपला, ती छापील प्रत.

कडेला दाबाची खोलगट चौकट शोधत बसू नका. ती तांब्याच्या पत्र्यावरच्या एचिंगला, म्हणजे आम्लाने कोरून छापलेल्या चित्राला येते. ब्राकची १९६२ची ‘लॉर्द्र दे झ्वाझो’ ही पक्ष्यांची मालिका तशी आहे.

खळ_आणि_पुठ्ठा
फ्रेमचं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४०च्या पुढे असतो, कागद कोरडा होऊन आक्रसतो. पावसाळ्यात तोच फुगतो. चारी बाजूंनी चिकटवला तर त्याला हलायला जागा राहत नाही, मग लाटा येतात. लॅमिनेशन तर काढताच येत नाही.

फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, मागून. फेविकॉल नको, सेलोटेप तर मुळीच नको, काही वर्षांत त्याचा पिवळा डाग आत मुरतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ: १ भाग सत्त्व, ५ भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवायची आणि गाळायची. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे घालू नका, त्यातल्या तांब्याने कागद तपकिरी पडतो. लागेल तेवढीच ताजी करा.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित, सुती पुठ्ठ्याचा, दीड मि.मी. तरी जाड. काच चित्राला टेकली तर दमटपणात शाई तिला धरते, माउंटमुळे ते टळतं. मागेही तोच पुठ्ठा आधी, हार्डबोर्ड त्याच्या मागे.

सिद्धेश्वरपेठ_४१३
भिंग लावलं. निळ्यात जाळी नाही, कण वेडेवाकडे आहेत, आणि काळा सलग आहे. घडीवर इस्त्री फिरवली तर?

कागदवेडा
मग लिथोच म्हणायला हरकत नाही. इस्त्री अजिबात नको, घडीवरची शाई चमकते किंवा फुटते. पाण्याचा फवाराही नको. दोन स्वच्छ टीपकागदांत ठेवून वर जाड काच आणि वजन, आठवडाभर. घडीची रेष राहील. राहू द्या, तीच या पानाची खूण.

खळ_आणि_पुठ्ठा
आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, संध्याकाळी ती तव्यासारखी तापते. आतली भिंत बघा, फ्रेममागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे ५ मि.मी.चे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. अतिनील किरण अडवणारी काच महाग पडते आणि तीसुद्धा थेट उन्हाला पुरत नाही. त्यापेक्षा पडदा ओढा.