दरखास्त म्हणजे नुसता अर्ज?

पानकुसर (सातारा): सांगलीच्या दिवाणी कोर्टातल्या एका कागदाचं भाषांतर चालू आहे. 'एक्झिक्यूशन'ला मी 'अंमलबजावणी अर्ज' लिहिलं, वकिलांनी खोडून 'दरखास्त' केलं. कोशात दरखास्त म्हणजे विनंती, अर्ज. मग मुदतवाढीचा अर्जही दरखास्तच ना?

कृष्णाकाठ: नाही. आपल्याकडे कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनामा (दाव्याचा निकाल सांगणारा कोर्टाचा आदेश) झाल्यावर तो बजावून घेण्यासाठी दाखल करतात ते प्रकरण. मुदतवाढ, तूर्तातूर्त मनाई, कागद हजर करणं हे सगळे 'अर्ज', आणि ते दाव्याच्याच फाइलीत राहतात. दरखास्तीचा नंबर वेगळा, रजिस्टर वेगळं. वादीचा दरखास्तदार होतो. प्रतिवादीला खर्च मंजूर झाला असेल तर तोही होऊ शकतो. वकिलांनी खोडलं ते बरोबर.

भाषाव्रती: फारसी शब्दाचा एवढा सोस कशाला? अंमलबजावणी स्वच्छ मराठी आहे.

माणदेशी: 'अंमल' अरबी आहे हो! 'हुकूमनामा'ही अर्धा अरबी, अर्धा फारसी. आणि दरखास्त म्हणजे दारात उभं राहून मागणं, दर म्हणजे दार.

कृष्णाकाठ: दरबारातला दर दाराचा. इथला 'दर' नुसता उपसर्ग. 'ख्वास्तन' म्हणजे इच्छिणं, मागणं.

तासगावकर: गावात 'दरखास्त लागली' म्हणजे जप्ती आली एवढाच अर्थ. पतसंस्थेचा माणूस आला तरी तेच म्हणतात, आणि ते चूक. पतसंस्थेला कोर्टात जावं लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती करतो. महारेराचंही (घरबांधणी प्रकल्पांवरच्या नियामकाचंही) तसंच: बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

वेण्णा: ग्राहक आयोगातही लोक सरसकट दरखास्त म्हणतात. २०१९ च्या कायद्यात वाटा दोन आहेत. कलम ७१ खाली आदेश हुकूमनाम्यासारखा बजावतात, त्याला दरखास्त म्हणा. कलम ७२ शिक्षेचं आहे, १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ते फौजदारी वळणाचं, त्याला नको.

माणदेशी: दरखास्त दाखल करायची मुदत मात्र सगळीकडे १२ वर्षं.

कृष्णाकाठ: पैसे आणि कबजा यांना १२. 'अतिक्रमण काढून टाका' अशी आज्ञा असेल तर फक्त ३ वर्षं, आणि इथेच लोक फसतात. कायम मनाईच्या हुकूमनाम्याला मुदत नाही. हुकूमनाम्याला २ वर्षं उलटून गेली असतील तर आधी नोटीस काढावी लागते. शेतजमिनीचं वाटप असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलला, मग भूमी अभिलेखची मोजणी.

तासगावकर: आणि हुकूमनाम्यात गट नंबर चुकला की बेलीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी) बांधावरून हात हलवत परत. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, म्हणजे तो बरोबर की चूक हे तपासत नाही. लेखनदोष असेल तर मूळ कोर्टाकडून त्याच संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त करून आणायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा असं बजावलं, पण चतुःसीमाच नसतील तर कुठली जागा ताब्यात देणार?

भाषाव्रती: 'निष्पादन' का नको?

वेण्णा: ते हिंदीच्या कायदेकोशातलं. सांगलीच्या कोर्टात जाऊन 'निष्पादन कुठे दाखल करू' विचारून बघा.

पानकुसर: पण माझा वाचक पुण्यातला वारस आहे, कोर्ट न पाहिलेला. त्याला दरखास्त म्हणजे विनंतीच वाटणार.

माणदेशी: मग बेलीफला काय लिहिलंत? तो नाझराच्या, म्हणजे कोर्टातल्या त्याच्या वरिष्ठाच्या, हाताखाली. नाझर अरबी, बेलीफ इंग्रजी, दोघं मिळून मराठी जप्ती करतात.

कृष्णाकाठ: जप्तीही अरबीच.