उतार कुठल्या बाजूचा ते आधी बघा
मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरच्या (चाकांच्या यंत्रगाडीच्या) सौर पॅनलवरची धूळ उडाली की तो हिवाळा काढतो असं म्हणतात, पण नुसत्या धुळीचा प्रश्न नाहीये हो. मुंबईत कसं, थंडीतलं ऊन दक्षिणेच्या गॅलरीत येतं, आमच्या गच्चीवरची पॅनलं पण तिकडेच कललेली, तसंच पण उलट, नासाचा स्पिरिट रोव्हर मंगळाच्या दक्षिण गोलार्धात, म्हणून त्याला उत्तरेकडचा उतार लागायचा, आणि पॅनल फिक्स असल्यामुळे अख्खी गाडीच तिरकी उभी करायची. 2006 मध्ये मॅककूल टेकडी गाठायची ठरलेली पण पुढचं उजवं चाक बंद पडलं, मग जवळच्याच लो रिज नावाच्या उंचवट्यावर साधारण 11 अंश कलून त्याने हिवाळा काढला. 2009 ला मऊ मातीत रुतला तेव्हा तसा कल मिळालाच नाही, 22 मार्च 2010 नंतर गप्प. फार वाईट वाटलेलं तेव्हा. रूट आखताना असा उतार किती दूर आहे, हेच आधी मोजावं असं माझं मत.